सीट पायांसाठी, हँडल हातांसाठी : सायकल अंगाला बसवून घेताना

गिअरची नवी सायकल येते, पहिल्या आठवड्यात उत्साहाने पंचवीस-तीस किलोमीटरच्या फेऱ्या होतात. मग तळहाताला मुंग्या येतात, गुडघ्यात कळ उठते, बुड टेकवत नाही, आणि सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. अशा कित्येक सायकलींत काहीही बिघडलेलं नसतं. दुकानात सायकल जोडून मिळते, पण अंगाला बसवून क्वचितच मिळते. ते राहिलेलं काम घरी करता येतं. त्याला लागतात एक अ‍ॅलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) संच, एक मोजायचा टेप आणि मदतीला एक माणूस.

सायकल चालवायची म्हणजे थोडं दुखणारच, असं अनेकजण धरून चालतात. मला हे अजिबात पटत नाही. पहिले काही दिवस मांड्या दुखणं, बैठक सवयीची नसल्याने बुड हुळहुळणं हे ठीक. पण सांध्यातलं दुखणं, बधिरपणा, मानेत भरलेली उसण हे सवयीने जाणारे प्रकार नाहीत. सायकल कुठेतरी तुमच्या मापाची नाही, एवढंच ते सांगत असतात.

आपलं शरीर सायकलीला पायडल, सीट आणि हँडल अशा तीन ठिकाणी टेकतं. यातली पायडलची जागा क्रँकने, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसतं त्या दांड्याने, ठरवलेली आहे, ती हलत नाही. म्हणून सुरुवात तिथून करायची : पायडलच्या हिशेबाने सीट बसवायची आणि सीट बसली की तिच्या हिशेबाने हँडल. हा क्रम उलटला की सगळं बिघडतं. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढणं. हाताची सोय होते, पण बिल गुडघ्याच्या नावावर फाटतं. सीटची जागा पायांनी ठरवायची, हँडलची हातांनी.

आधी फ्रेम बघा

फ्रेमच मापाची नसेल तर पुढची सगळी खटपट अर्धवट ठरते. आडवी नळी असलेल्या सायकलीवर बूट घालून, नळी दोन पायांच्या मध्ये घेऊन, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकवून उभे राहा. नळी आणि जांघ यांच्यात हायब्रिडवर निदान दोन-तीन बोटं जागा हवी, माउंटन बाइकवर त्याहून जास्त. नळी टोचत असेल तर ती फ्रेम तुमच्यासाठी मोठी आहे. उलट, सीट योग्य उंचीवर आणताना सीटपोस्टवरची, म्हणजे सीटच्या दांड्यावरची, किमान मर्यादेची रेघ फ्रेमच्या बाहेर दिसू लागली, तर फ्रेम लहान आहे. ही रेघ कधीही बाहेर ठेवू नका. पोस्ट मोडू शकतो, फ्रेमला तडा जाऊ शकतो.

थोडाफार फरक असेल तर स्टेम (हँडल पुढे धरून ठेवणारा आखूड दांडा) आणि सीट सांभाळून घेतात. दोन साइझचा फरक असेल, तर पैसे सुट्या भागांवर घालण्यापेक्षा सायकल बदलून घेण्याचा प्रयत्न करा.

हात लावण्यापूर्वी

आहे त्या मापांची नोंद करा. क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे दोन्ही क्रँक ज्या आसाभोवती फिरतात तिथून, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत उभ्या नळीला समांतर टेप धरून उंची घ्या. सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. सीटपोस्ट फ्रेममध्ये शिरतो तिथे इन्सुलेशन टेपची एक पट्टी गुंडाळा. बदल मानवला नाही तर परत कुठे यायचं, हे त्यामुळे कळतं.

टायरमध्ये हवा भरा, चालवताना घालता तेच बूट घाला. हा मुद्दा किरकोळ नाही. चपलेचा तळ आणि जाड स्पोर्ट्स शूजचा तळ यांत सेंटिमीटरभराचा फरक सहज पडतो, आणि सीटच्या बाबतीत सेंटिमीटर फार मोठा असतो.

बहुतेक सायकलींना ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की पुरतात. जुन्या काळ्या सायकलीच्या सीटला दोन बाजूंनी नट असतात, तिथे पाना लागतो. सायकल भिंतीला लावून किंवा दाराच्या चौकटीत उभी करून, चौकटीला हात धरून बसता येतं. ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवू देणारा स्टँड, असेल तर उत्तमच.

सीटची उंची

पावलाचा चवडा, म्हणजे बोटांमागचा रुंद भाग, पायडलच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे यायला हवा. पावलाचा मधला खळगा पायडलवर ठेवून चालवणारे बरेच असतात, आणि त्याचं कारण बहुतेकदा सीट खाली असणं हेच असतं.

सर्वांत सोपी रीत टाचेची. सीटवर सरळ बसा, टाच पायडलवर ठेवा आणि क्रँक उभ्या नळीच्या रेषेत खाली आणा. या ठिकाणी पाय पूर्ण सरळ व्हायला हवा, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. गुडघा वाकलेला राहिला तर सीट वर घ्या, टाच सुटत असेल तर खाली. आता चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलकासा बाक येतो. हा बाक सरळ पायाच्या रेषेपासून मोजला तर साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा. मदतनीसाला बाजूने मोबाइलवर फोटो काढायला सांगा. खुबा, गुडघा आणि घोटा यांच्यातला कोन फोटोवर नीट दिसतो.

आकडे आवडणाऱ्यांसाठी दोन सूत्रं आहेत. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक जांघेत वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करा. जमिनीपासून या खुणेपर्यंतची उंची म्हणजे पायाची आतली लांबी. तिला ०.८८३ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला ग्रेग लेमाँड आणि त्याचे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्यामुळे हे सूत्र १९८०च्या दशकात गाजलं. दुसरं त्याहून जुनं, १९६७मधलं, हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांचं : आतली लांबी गुणिले १.०९, म्हणजे क्रँक खाली असताना पायडलच्या आसापासून सीटपर्यंतचं अंतर.

उदाहरण घेऊ. आतली लांबी ७८ सेंटिमीटर. पहिल्या सूत्राने सीट क्रँकच्या मध्यापासून ६८.९ सेंटिमीटरवर येते. दुसऱ्याने पायडलपासून ८५ सेंटिमीटर. त्यातून क्रँकची १७ सेंटिमीटर लांबी वजा केली की ६८. एकाच माणसासाठी दोन नामवंत सूत्रं जवळजवळ नऊ मिलिमीटरचा फरक दाखवतात. म्हणून सूत्राचं उत्तर ही सुरुवात समजा. कोणाचं पाऊल लांब, कोणी पायडल मारताना टाच खाली सोडतो, कोणी बोटांवर जोर देतो, आणि यातलं काहीही सूत्राला माहीत नसतं. मी टाचेच्या रीतीने सुरुवात करायला सांगेन आणि सूत्र फक्त ताळा करायला वापरेन.

आता सपाट रस्त्यावर चालवून बघा. मागून येणाऱ्या मित्राला तुमची कंबर बघायला सांगा. प्रत्येक पायडलला ती डावी-उजवीकडे झुलत असेल तर सीट उंच आहे. गुडघे छातीकडे येताहेत, मांड्या लवकर भरून येताहेत असं वाटलं तर अजून खाली आहे. इथून पुढे सीट एका वेळी तीन ते पाच मिलिमीटरच हलवायची.

पाय टेकण्याचा प्रश्न

एवढं वाचून सीट वर घेतली की पहिली तक्रार हमखास येते : आता जमिनीला पाय पुरत नाहीत! ही तक्रार समजून घेण्यासारखी आहे. आपल्यातले कितीतरी जण मोठ्यांच्या काळ्या सायकलीवर, नळीखालून पाय घालून शिकले. पडण्याची भीती तिथून मनात बसली, आणि पुढे आपली सायकल मिळाल्यावर सीट पार खाली करून दोन्ही पाय टेकवण्यातच सुरक्षितता वाटू लागली. शहरातल्या सिग्नलांनी आणि मध्येच आडव्या येणाऱ्या रिक्षांनी ती सवय घट्ट केली.

पण सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकत असतील, तर नेहमीच्या सायकलीवर ती सीट पायडल मारण्यासाठी खालीच आहे. योग्य उंचीवर एका पायाची बोटं जेमतेम टेकतात. यावर उपाय म्हणजे थांबण्याची रीत बदलणं. थांबायच्या आधी एक पायडल खाली आणा, त्यावर उभे राहत बुड सीटवरून उचलून पुढे या, ब्रेक लावा आणि दुसरा पाय जमिनीवर टेकवा. म्हणजे थांबताना तुम्ही सीटवर नसताच, सीटच्या पुढे, नळी दोन पायांच्या मध्ये घेऊन, जमिनीवर उभे असता. निघताना एक पायडल घड्याळातल्या दोनच्या काट्याच्या जागी आणा, त्यावर जोर देऊन उभे राहा, सायकल हलली की सीटवर बसा.

रिकाम्या मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात संध्याकाळी अर्धा तास एवढंच करा. ज्यांना फारच भीती वाटते, विशेषतः मोठ्या वयात शिकणाऱ्यांना, त्यांनी सीट एकदम वर नेऊ नये. आठवड्याला पाच मिलिमीटर वर घेत जावं. अंग आणि मन दोन्ही सरावतात. आईवडिलांना सायकल शिकवत असाल तर हा भाग घाई न करता करा. गुडघेदुखीमुळे सायकल सोडणाऱ्या ज्येष्ठांपैकी काहींची सीट नुसती वर घेतली तरी त्यांना आराम पडेल.

सीट पुढे की मागे

सीटखाली दोन सळ्या असतात, त्या पकडीत सैल करून सीट पुढे-मागे सरकते. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर आणा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथून गवंड्याचा ओळंबा सोडा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधा. दोरा पायडलच्या आसाच्या आसपास पडला की सुरुवातीपुरती जागा ठीक आहे.

ही रीत जगभर वापरतात, पण तिला शास्त्राचा भक्कम पाया नाही. ख्यातनाम सायकल-रचनाकार कीथ बाँट्रेगर यांनी तिच्यावर सडकून टीका केली आहे. मागे रेलून चालवायच्या सायकलींवर गुडघा पायडलच्या वर येतच नाही, तरी माणसं मजेत चालवतात, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्या मते तोल ही जास्त खरी कसोटी आहे. ट्रेनरवर, किंवा कोणी सायकल घट्ट धरून ठेवली असताना, नेहमीच्या बाकात बसून पायडलवर मध्यम जोर द्या आणि हात हँडलवरून दोन बोटं वर उचला. क्षणभर तसेच राहता आलं तर वजन नीट वाटलं गेलं आहे. लगेच पुढे कोसळायला झालं, तर सीट पाच मिलिमीटर मागे नेऊन पुन्हा बघा. रस्त्यावर हा प्रयोग नको.

सीट एक सेंटिमीटर मागे नेली की पायडलपासूनचं अंतरही सुमारे तीन मिलिमीटरने वाढतं, तेव्हा उंची पुन्हा तपासा. सळ्यांवर मर्यादेच्या खुणा असतात, पकड त्यांच्या आतच ठेवा.

कल आणि सीट स्वतः

सीटवर एक सपाट पुस्तक ठेवून त्यावर मोबाइलमधली लेव्हल ठेवा. शून्य अंशापासून सुरुवात करा. समोर जांघेत दाब येत असेल तर टोक एक-दोन अंश खाली. त्याहून खाली केलं की तुम्ही सतत पुढे घसरता आणि स्वतःला मागे ढकलायला हात कामाला लागतात. तळहात बधिर होण्याचं मूळ पुष्कळदा हँडलमध्ये नसून सीटच्या या कलात असतं.

मऊ सीट म्हणजे आरामदायी सीट, हा समज सोडून द्या. शरीराचं वजन बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवं. फार मऊ जेलमध्ये ही हाडं रुततात आणि मधला मऊ भाग वर येऊन दाबला जातो. अर्ध्या तासाच्या फेरीला ते सुखद वाटतं, दोन तासांनी नकोसं होतं. महत्त्वाची असते ती रुंदी. खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा कडक खुर्चीवर ठेवून त्यावर थोडं पुढे झुकून बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा, त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा, आणि तेवढ्या रुंदीची सीट शोधा. स्त्रियांना बऱ्याचदा रुंद सीट लागते आणि मध्ये खाच असलेली मानवते, पण हा नियम नाही. पुठ्ठा मोजून बघणं केव्हाही बरं. तासाच्या वरच्या फेऱ्यांसाठी पॅड असलेली शॉर्ट घ्या, आणि ती आत दुसरं काही न घालता घालायची असते.

हँडल

सीट पक्की झाली, आता हात. आरामासाठी सुरुवात करताना हँडल सीटच्या पातळीत किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर असू द्या. कोपर थोडे वाकलेले, खांदे कानांपासून दूर, मान न ताणता समोरचा रस्ता दिसतोय, असं जमायला हवं. एकदम ताठ बसणंही चांगलं नाही. तेव्हा सगळं वजन बुडावर येतं आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्याला जाणवतो. थोडा बाक असला की हातपाय धक्के वाटून घेतात.

आजच्या बहुतेक गिअरच्या सायकलींवर स्टेम फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) नळीला बाहेरून पकडून बसतो आणि त्याच्या वर-खाली स्पेसरच्या कड्या असतात. स्टेमखालच्या कड्या वर नेल्या की हँडल खाली येतं, वरच्या खाली घातल्या की वर जातं. काम करताना पुढचं चाक जमिनीवरच ठेवा. सायकल उचललेली असेल तर फोर्क खाली निसटतो. क्रम असा :

१. स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा, मग माथ्यावरच्या टोपीचा बोल्ट काढा.

२. कड्या हव्या तशा लावा. एकही कडी गाळू नका. स्टेम किंवा सर्वांत वरची कडी नळीच्या टोकापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर वर यायला हवी, तरच टोपी दाब देऊ शकते.

३. आधी टोपीचा बोल्ट आवळा, हळूहळू. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खटखट थांबली आणि हँडल सहज वळतंय, इथे थांबा.

४. स्टेम पुढच्या चाकाच्या रेषेत आणा आणि मग बाजूचे दोन बोल्ट आलटून पालटून आवळा. किती आवळायचं त्याचा स्टेमवर छापलेला आकडा पाळा, बहुधा तो ५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो.

हा क्रम चुकवून आधी बाजूचे बोल्ट आवळले, तर टोपी कितीही फिरवली तरी फोर्कची खटखट जात नाही.

कड्या संपल्या तर स्टेम उलटा करून बघा. सात अंशांचा ९० मिलिमीटरचा स्टेम उलटला की हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येतं, तेही फुकटात. पुढची चार बोल्टांची पट्टी लावताना बोल्ट तिरक्या जोड्यांनी आवळा आणि वर-खालची फट सारखी ठेवा. फोर्कची नळी तिरकी असल्यामुळे हँडल एक सेंटिमीटर वर गेलं की तीन मिलिमीटर जवळही येतं. त्यामुळे उंची आधी जमवा, लांबी नंतर. तरीही हात ताणले जात असतील तर वीस मिलिमीटरने आखूड स्टेम लावून बघा. ब्रेक आणि गिअरच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा.

जुन्या पद्धतीच्या सायकलीत हँडलचा दांडा नळीच्या आत जातो आणि वर एकच बोल्ट असतो. तो तीन-चार आटे सैल करा, वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा हलका ठोका द्या. आतला पाचर सुटतो आणि हँडल वर-खाली होतं. इथेही किमान मर्यादेची रेघ असते.

ब्रेकच्या लिव्हरकडे फार कमी जण बघतात. दुकानात त्या पुष्कळदा आडव्या बसवतात. सीटवर बसून हात नैसर्गिकपणे पुढे आणा. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषेत लिव्हर यायला हवी, म्हणजे साधारण ३० ते ४५ अंश खाली झुकलेली. मनगट मुडपून ब्रेक धरावा लागत असेल तर घाटाच्या उतारावर हात लवकर थकतात. लहान हातांसाठी बऱ्याच लिव्हरना छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर जवळ येते.

दुखणं कुठलं, कारण कुठलं

गुडघा पुढच्या बाजूने दुखतो तेव्हा सीट खाली किंवा फार पुढे असल्याचा संशय घ्या. मागच्या बाजूने दुखतो तेव्हा फार वर किंवा फार मागे. पण सेटिंगला हात लावण्याआधी गिअर बघा. जड गिअरवर रेटत मिनिटाला पायडलच्या पन्नास फेऱ्या मारणाऱ्याचा गुडघा उत्तम सीटवरही कुरकुरतो. हलका गिअर लावून ऐंशीच्या आसपास फिरवा.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेतली नस दाबली जाते. सीटचा कल, हँडलची उंची, आणि मग ग्रिप (हँडलवरच्या रबरी मुठी), असं या क्रमाने बघा. रुंद टेकू असलेल्या ग्रिपनी फरक पडतो. टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा ठेवली असेल तर तीही कमी करा. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून हवा थोडी उतरवली की आपल्या रस्त्यांवर हातांना लगेच जाणवतं.

मान आणि खांदे दुखत असतील तर हँडल लांब किंवा खाली आहे. अमेरिका आरपार ओलांडणाऱ्या शर्यतीत १९८३ साली मायकल शर्मर यांची मान इतकी थकली, की डोकं वर उचलून धरता येईना. अतिदूरच्या सायकलस्वारांतल्या या त्रासाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. ते टोकाचं उदाहरण आहे, पण मानेचे स्नायू थकतात ते असेच. कंबर दुखत असेल तर लांबीबरोबर सीट फार उंच नाही ना, हेही बघा.

जांघेत बधिरपणा येत असेल तर दुर्लक्ष करू नका. आधी सीटचा कल आणि रुंदी बदला. सायकलवरून उतरल्यावरही तो टिकत असेल, किंवा गुडघा सुजत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. दोन पायांच्या लांबीत फरक असेल, किंवा सगळं करूनही एकाच बाजूला दुखत असेल, तर जाणकार बाइक फिटरकडे जाणं पैसे वसूल करणारं ठरतं.

नंतरची काळजी

एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन छोट्या फेऱ्यांनंतरच पुढचा. सीटची उंची आणि स्टेम एकदम बदलले तर आराम कशामुळे पडला ते कळत नाही. पंढरपूरची सायकलवारी किंवा २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी) तोंडावर असताना मात्र काहीही हलवू नका. अशा बदलाला अंग सरावायला निदान तीन-चार आठवडे द्या.

प्रत्येक बदलानंतरच्या पहिल्या फेरीहून आलात की बोल्ट पुन्हा तपासा. सीट नकळत खाली सरकत असेल तर टेपची पट्टी ते सांगेल. पावसाळ्यापूर्वी सीटपोस्ट काढून पुसा आणि धातूचा असेल तर पातळ ग्रीस लावून परत घाला. कोकणच्या खाऱ्या हवेत तर हे वर्षातून दोनदा करावं, नाहीतर पोस्ट फ्रेममध्ये असा धरतो की हातोडीनेही हलत नाही. पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नको, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते.

घरात एकच सायकल दोघं वापरत असतील तर सीटपोस्टवर दोन रंगांच्या पट्ट्या लावा, एक एकाची, एक दुसऱ्याची, आणि सीटपोस्टच्या पकडीला अ‍ॅलन कीऐवजी हाताने उघडणारा क्लॅम्प बसवून घ्या.